एक यजमान

त्या ऑफिसात आम्ही सगळ्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. बनारसचा ज्ञानकोश करून तो इंटरनेटवर टाकायचा, असं एका संस्थेने ठरवलं आणि चौकाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन कॉम्प्युटर आणून ठेवले. घाट, देवळं, गल्ल्या, विणकर, पंडित, पहिलवान, मिठाया, जे काही बनारसात आहे त्याची हिंदीत एकेक नोंद लिहायची, ती कॉम्प्युटरवर चढवायची आणि दर शनिवारी टेलिफोनच्या तारेतून पुढे पाठवायची. अमेरिकेतला माणूससुद्धा घरबसल्या वाचेल, असं आम्हाला सांगितलं होतं. तो वाचत होता की नाही मला माहीत नाही. दुपारी दोन ते चार एक कॉम्प्युटर लोकांसाठी उघडा असायचा. तिथे येणारे वाचक मात्र मी रोज बघत होते.

मी ऑपरेटर होते. सत्तावीस वर्षांची, एम. ए. झालेली, ब्रह्माघाटावरून पायी येणारी. दुसरी ऑपरेटर बंगाली टोल्यातली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला दीदी म्हणायची. वाचकांना नावं पाडायचा उद्योग आम्हा दोघींचा. येऊन एकच नोंद बघितली आणि लगेच उठला, तर ती डुबकी. नुसती चित्रं बघून गेला, तर झाँकी. सगळ्यात जास्त पंचक्रोशीवाले, काशीची प्रदक्षिणा करून निघाल्या जागी परतणाऱ्या यात्रेकरूंसारखे. नोंदीतल्या निळ्या शब्दावर दाबलं की दुसरी नोंद उघडायची, तिच्यातल्या निळ्या शब्दावरून तिसरी. लंगड्या आंब्यापासून निघालेले रिटायर्ड मास्तर रेशमावरून कबीरचौऱ्याला, तिथून तबल्यावर, तिथून कुठल्यातरी महाराजांवर जात आणि चार वाजता परत आंब्यापाशी येऊन म्हणत, "हम तो इसी के लिए आए थे।"

आतल्या लोकांसाठी वेगळी नावं होती. काढून टाकलेल्या नोंदी ज्या फोल्डरमध्ये जायच्या, त्याचं नाव दीदीने मणिकर्णिका ठेवलं होतं, जिथे रात्रंदिवस चिता जळतात त्या घाटावरून. "वो कल मणिकर्णिका गया," असं ती इतक्या सहज म्हणायची की बाहेरचा माणूस दचकायचा. एका नोंदीवरून दोघांची ओढाताण सुरू झाली की ती नोंद आखाड्यात उतरली. आणि दुसऱ्याच्या नोंदीत एखादा शब्द इकडचा तिकडे करून खाली स्वतःच्या नावाची अक्षरं टाकायची, याला म्हणायचं शेंदूर. दगड कोणाचाही असो, शेंदूर फासला की देव आपला.

शेंदूर लावायचा अधिकार एकट्या पंडितजींना होता. ते मुख्य संशोधक, म्हणजे हिंदीतल्या अर्थाने मजकूर दुरुस्त करणारे. साठीचे, शुभ्र धोतर, खिशात तीन पेनं. कॉम्प्युटरला स्वतः हात लावत नसत, आमच्या पाठीशी उभे राहून सांगत. प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या ओळीत 'संशोधन' असा शब्द आणि पुढे त्यांच्या नावाची दोन अक्षरं. नोंद लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसे. ऑपरेटरने पुढे काही बदल केला, तर ती दोन अक्षरं पुसून तिथे 'प्र.' टाकायचं, प्रश्नचिन्हाचं. सोमवारी पंडितजी फक्त 'प्र.'वाल्या नोंदी उघडायला लावत. स्वतःची अक्षरं असलेली नोंद ते पुन्हा कधी बघत नसत. "वो हमारा देखा हुआ है।"

कोशात वैदिकांच्या नोंदी पुष्कळ होत्या, बायकांची एकही नव्हती. मी ते पंडितजींना बोलून दाखवलं. त्यांनी आठ ओळींची परवानगी दिली, जणू माझ्या लग्नात आहेर देत होते.

मी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या काकूंची नोंद करायची ठरवली. नात्याने काकू नव्हेत, पण आमच्या भागातल्या मराठी घरांत सगळे त्यांना काकूच म्हणत. त्यांचे पती वैदिक होते, वारून बारा वर्षं झाली होती. घरात त्यांच्या हाताच्या पोथ्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या, एका भिंतीतल्या कपाटात. अक्षर त्यांचं काळ्या शाईतलं. पण त्या अक्षरांच्या वर आणि खाली स्वरांच्या ज्या लाल रेघा होत्या, त्या काकूंच्या. ते पाठ म्हणत आणि स्वर दाखवायला हात वर, खाली, आडवा नेत. काकू समोर बसून त्या हाताकडे बघत आणि रेघ ओढत. अशी त्यांची सगळी मधली वर्षं गेली. आजूबाजूचे वैदिक पाठाबद्दल शंका आली की अजूनही त्यांच्याकडे यायचे, पोथी उघडून लाल रेघ बघायचे आणि चहा पिऊन जायचे.

हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेतलं. त्या वाटाणे सोलत होत्या.

"यजमान गेल्यावर पोथ्या माझ्याकडेच राहिल्या," त्या म्हणाल्या. "कोणाला देणार? बाहेरच्याला काय कदर. मी रोज कपडा झटकते, दसऱ्याला ऊन दाखवते. लिही तुला लिहायचं तर. मला कोण विचारतंय."

मी ऑफिसात येऊन हिंदीत लिहिलं: यजमान के देहांत के बाद पोथियाँ इन्हीं के पास रहीं।

आता ज्यांना बनारस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही घरात मराठी बोलतो आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकणं आणि आपली शिक्षा म्हणजे दंड, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. चेष्टा, राजीनामा, असे सगळे खड्डे लहानपणीच पाठ होतात आणि त्यावरचे विनोदही. पण यजमान हा शब्द कधी खड्डा वाटलाच नाही. माझी आई माझ्या वडिलांना यजमान म्हणायची, शेजारच्या सगळ्या म्हणायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि नवरा म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून यजमान. बाहेर मात्र, आणि तेही पंडितांच्या गावात, यजमान म्हणजे ज्याच्या घरी पूजा सांगायची तो गिऱ्हाईक. हे दोन्ही अर्थ मला जन्मापासून माहीत होते. लिहिताना एकच आठवला. चूक माझी होती, आणि ती कबूल करून मी पुढे सांगते, कारण पुढे जे झालं ती चूक नव्हती.

पंडितजींनी नोंद वाचून घेतली. 'स्वर-चिह्न इन्होंने लगाए' याचं त्यांनी 'लेखन में सहयोग दिया' असं केलं. मग यजमानच्या वाक्यापाशी थांबून म्हणाले, "यहाँ वाक्य अधूरा है।" आणि सांगितलं: एक यजमान के देहांत के बाद उनकी पोथियाँ इन्हीं के पास रह गईं।

एक 'एक', एक 'उनकी', एक 'गईं'. काकूंचा नवरा कोणी तरी एक श्रीमंत गिऱ्हाईक झाला आणि पोथ्या परत न केलेल्या वस्तू झाल्या. मी तेव्हा दुसऱ्या मशीनवर होते. टाइप दीदीने केलं, खाली शेंदूर लागला आणि शनिवारी नोंद तारेतून गेली. मी पुन्हा वाचली नाही. आपलं लिहिलेलं आपणच छापून आल्यावर वाचत नाही, हा माझा तेव्हाचा आळस.

पंधरा दिवसांनी काकूंनी निरोप पाठवला. गेले तर त्या ओट्याशी पाठ करून उभ्या. न वळता म्हणाल्या, "तू काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

ताटाखाली एक कागद दाबून ठेवला होता. आमच्याच प्रिंटरचे फिकट ठिपके. एका ट्रस्टचे सेक्रेटरी तो देऊन गेले होते. ट्रस्ट एका जुन्या धनिक घराण्याचा, घाटावर त्यांची इमारत होती आणि तिथे पोथ्यांचा संग्रह मांडायचं चाललं होतं. त्या घरी काकूंचे यजमान पूर्वी पाठाला जात. सेक्रेटरींनी आधी दोनदा पोथ्या मागितल्या होत्या आणि काकूंनी दोनदा चहा देऊन वाटेला लावलं होतं. या वेळी ते कागद घेऊन आले.

"म्हणाला, माताजी, तो एक यजमान म्हणजे आमचे आजोबा. पोथ्या आमच्या. शराफतने द्या, होळीनंतर चार लोक घेऊन येतो." काकू वळल्या. "माझ्या घरात उभा राहून म्हणाला, कंप्यूटर में लिखा है."

मी कागद वाचला. कान तापले. मग मी त्यांना समजावू लागले की हिंदीत यजमानचा अर्थ जजमान होतो, आणि त्यामुळे…

"मी हिंदीत कुठे बोलले होते?"

मी कागदाची घडी घातली.

"काकू, आपण त्याला पोथ्या उघडून दाखवू. शेवटच्या पानावर तुमच्या यजमानांचं नाव आहे, कोणासाठी लिहिलं ते आहे. दोन मिनिटांत तोंड बंद होईल."

"का दाखवू?"

"म्हणजे प्रूफ…"

"ह्यांच्या पोथ्या माझ्या आहेत, याचं प्रूफ मी देऊ? त्या माणसाला?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "गेल्या हफ्त्यात पाठवाले दोघं आले होते. पोथी बघून झाल्यावर एकाने विचारलं, काकू, ये वापस करनी है क्या? बारा वर्षं माझ्या हातचा चहा पिणारा. तू लिहिलंस, तू मिटव. मी कपाट उघडणार नाही."

मला त्यांचा राग आला. इतकं सोपं होतं. आता तितकं सोपं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंडितजींसमोर उभी राहिले आणि सांगितलं की यजमान म्हणजे इथे पती.

"पति को यजमान कौन कहता है?"

"हमारे यहाँ सब कहते हैं।"

"आपके यहाँ तो बहुत कुछ कहते हैं, बिटिया। कोश आपके यहाँ के लिए नहीं, देश के लिए है।"

"तो देश के लिए पति लिख दीजिए।"

त्यांनी ड्रॉवरमधून माझं मूळ कार्ड काढलं. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत: यजमान. बोट ठेवून म्हणाले, "ये किसने लिखा? हमने?"

मी शब्द बदलला, नियमाप्रमाणे खाली 'प्र.' टाकलं. सोमवारी त्यांनी नोंद उघडायला लावली, जुनं वाक्य परत घातलं आणि अक्षरं टाकली. मी पुन्हा बदललं, त्यांनी पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि दीदीला बसवून टाइप करवून घेतलं. दीदीने माझ्याकडे न बघता टाइप केलं. नंतर जिन्यात म्हणाली, "तेरी काकी अखाड़े में है, और रेफ़री भी पंडितजी, पहलवान भी पंडितजी।"

मी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की भाषेच्या बाबतीत संशोधकांचा निर्णय अंतिम राहील. त्या पत्रात माझं आडनाव चुकीचं होतं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली, ते सांगते. पंडितजींना काकूंशी काही वैर नव्हतं. ट्रस्टशी त्यांचं साटंलोटं असतं तर मला निदान समजलं असतं की माणूस काही मिळवतोय. त्यांना फक्त आपलं 'एक' मागे घ्यायचं नव्हतं. एका बाईची तीस वर्षं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याचं दोन अक्षरांचं विशेषण. तेही चुकीच्या जागी लावलेलं.

होळी नऊ दिवसांवर आली होती. शुक्रवारी दुपारी पंडितजी एका व्याख्यानाला गेले. मी काकूंची नोंद उघडली आणि लिहिलं: पति के देहांत के बाद उनकी पोथियाँ, जिनके स्वर-चिह्न इन्होंने स्वयं लगाए थे, इन्हीं के पास हैं। मग शेवटच्या ओळीत आले. 'प्र.' टाकायला बोट गेलं आणि थांबलं. सोमवारी ते कुठल्या नोंदी बघतात आणि कुठल्या बघत नाहीत, हे मला आणि दीदीला त्यांच्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी त्यांची दोन अक्षरं टाकली.

दीदी शेजारून बघत होती. ती म्हणाली, "ये तो जालसाज़ी है।"

"हो," मी मराठीत म्हटलं. तिला तेवढं मराठी येत होतं.

शनिवारी नोंद तारेतून गेली. मी प्रिंट काढून काकूंना दिली आणि सांगितलं, सेक्रेटरी आले की त्यांना हा कागद दाखवा, बाकी काही बोलू नका. सोमवारी पंडितजींनी 'प्र.'वाल्या चार नोंदी बघितल्या. काकूंची त्यात नव्हती.

बुधवारी सेक्रेटरी होळीनंतरचं पुन्हा बजावायला काकूंकडे आले आणि कागद वाचून गेले. गुरुवारी फोन वाजला. पंडितजींच्या टेबलावरच होता. पलीकडे ट्रस्टचे सेक्रेटरी, हे मला पहिल्या वाक्यातच कळलं.

"हाँ… कौन सी प्रविष्टि?… नहीं, नहीं, ऐसा तो… रुकिए।" रिसीव्हरवर हात ठेवून ते मला म्हणाले, "ज़रा वो मंगला गौरी वाली खोलो।"

मी उघडली. लाइट जावी असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं. गेली नाही. ते उठून माझ्या पाठीशी आले. त्यांनी पहिली ओळ वाचली नाही, मधली वाचली नाही. आमच्या सगळ्या वाचकांसारखीच त्यांनी डुबकी मारली, थेट तळाला. तिथे त्यांची अक्षरं होती. 

मग फोनवर म्हणाले, "हाँ भाई, हमारा ही संशोधन है। पहले टाइप करने वालों से भूल हुई थी। मराठियों में पति को यजमान कहते हैं, ये सबको कहाँ पता होता है।"

त्यांना आठवलं नव्हतं की त्यांनी आठवायचं नाकारलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी नोंद बंद केली. 

सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत. पाठवाले आले, मुकाट चहा पिऊन गेले. होळीनंतर काकूंनी मला बोलावलं. तो दुसरा कागद त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवला होता. मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला. मी 'पति' म्हटलं तसं त्यांनी तोंड वाकडं केलं.

"पति काय. नाटकातल्यासारखं. यजमान लिहिलं असतं तर काय बिघडत होतं?"

"काकू…"

"बरं, राहू दे. खाली हे कोणाचं?"

"पंडितजींचं. संशोधन करणाऱ्यांचं."

"म्हणजे तू बिघडवलंस ते त्यांनी निस्तरलं." ते मला टोचण्यासाठी नव्हतं, त्या फक्त हिशोब जुळवून घेत होत्या. "भला माणूस दिसतो. थांब."

त्या आत गेल्या आणि बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणावर नाव कोरलेलं होतं, नवऱ्याचं. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "त्यांना दे. आणि डबा आठवणीने वापस आण."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. सांगितलं तर काकूंना कळणार होतं की कपाटावर लावलेला कागद खोट्या सहीचा आहे, आणि त्यांनी तो उपटून काढला असता. मी तोंड मिटलं आणि डबा पिशवीत घातला.

पंडितजींनी ऑफिसात सगळ्यांसमोर डबा उघडला. दोन लाडू खाल्ले, बोटं पुसली आणि आम्हा दोघींना समजावून सांगितलं की कोशाच्या कामात एकेका शब्दाच्या मागे किती समाज उभा असतो, हे ध्यानात ठेवावं लागतं. मग ते जेवायला घरी गेले.

दीदीने डब्यात डोकावलं आणि एक लाडू उचलला.

"सिंदूर?" ती म्हणाली.

"सिंदूर," मी म्हटलं. "और नैवेद्य भी हम ही ढो के लाए।"

डबा मी घासून संध्याकाळी परत नेला.